गाळातला हिशेब
मुंबई गोदीचा स्फोट आणि पाण्याखालच्या जिवंत दारूगोळ्याचा शोध



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाला साजेल असा विषय निवडावा, ही वक्त्याची पहिली जबाबदारी असते. मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने समुद्राच्या तळाशी पडलेल्या बॉम्बगोळ्यांविषयी बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु हा विषय वाटतो तितका माझ्या क्षेत्राबाहेरचा नाही, हे व्याख्यान संपेपर्यंत आपणांस पटेल अशी मला आशा आहे.

प्रारंभ समुद्रापासून न करता विहिरीपासून करतो. आपल्या धारवाड-बेळगाव भागात काळ्या पाषाणात विहीर खोदणे म्हणजे काय, हे येथील जुन्या मंडळींना सांगायला नको. खडकाला भोके पाडायची, त्यांत दारू ठासायची, वाती पेटवायच्या आणि सर्वांनी दूर जाऊन बसायचे. दूर बसलेल्या मुकादमाकडे त्या वेळी एकच काम असे, बार मोजण्याचे. सहा वाती पेटविल्या आणि सहा बार ऐकू आले, की तो उठत असे. पाचच ऐकू आले, तर कोणीही कितीही घाई केली तरी तो माणसांना विहिरीत उतरू देत नसे. न उडालेला सुरुंग उडालेल्या सुरुंगाहून भयंकर असतो, हे ज्ञान त्याला पुस्तकातून मिळालेले नव्हते. लावलेले किती आणि उडालेले किती, हा हिशेब जुळल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानायचे नाही, एवढाच त्याचा नियम होता.

‘सुरुंग’ हा शब्दही पाहण्याजोगा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘सुरुङ्गा’ येते ती भुयार या अर्थाने. ग्रीक भाषेतील ‘सिरिंक्स’ या शब्दाशी विद्वानांनी तिचे नाते जोडले आहे. तटाखालचे भुयार, मग त्या भुयारात ठासलेली दारू, मग विहिरीतले भोक आणि शेवटी समुद्रात पेरलेला पाणसुरुंग, असा या शब्दाचा प्रवास झाला. स्थळ बदलले, शस्त्र बदलले. परंतु मुकादमाचा तो हिशेब मात्र कायम राहिला. आज मी ज्या घटनेविषयी बोलणार आहे, तिच्यात हा हिशेब कधीच पूर्णपणे जुळला नाही.

१४ एप्रिल १९४४

त्या वेळी हुबळी आणि धारवाड यांच्यामधल्या माळावर हे नवनगर वसलेले नव्हते. धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात होता आणि तो १९५६ पर्यंत तेथेच राहिला. त्यामुळे १९४४ साली मुंबई ही आपलीही राजधानी होती आणि मुंबईची गोदी हे आपल्याही व्यापाराचे महाद्वार होते. ‘धारवाड-अमेरिकन’ या नावाने ओळखला जाणारा आपला कापूस मुंबईच्या बाजारपेठेत परिचित होता. कापसाचा उल्लेख मी सहेतुक करीत आहे, कारण पुढील शोकांतिकेत त्याची भूमिका मोठी आहे.

‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे ७,१४२ टनांचे मालवाहू जहाज २४ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडमधील बर्कनहेड बंदरातून निघाले. त्यावर सुमारे १,३९५ टन स्फोटके व दारूगोळा होता. तोफगोळे, पाणसुरुंग, टॉर्पेडो असे सर्व काही त्यात होते आणि त्यांपैकी २३८ टन माल अतिसंवेदनशील वर्गातला होता. त्याच जहाजावर एकतीस पेट्यांत मिळून १२४ सोन्याच्या लगडी होत्या. कराचीला काही माल उतरविला गेला आणि रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या सुमारे ८,७०० गासड्या, तेलाची पिंपे, लाकूड, भंगार असा माल भरण्यात आला. कापूस आणि दारूगोळा एकत्र नेऊ नये, हे कप्तानास ठाऊक नव्हते असे नाही. परंतु युद्धाची निकड पुढे आली आणि नियम मागे पडला.

१२ एप्रिलला जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले. स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने लाल बावटा लावावा असा संकेत होता. युद्धकाळात तोही शिथिल झालेला होता. १४ तारखेस दुपारच्या सुट्टीनंतर दोन क्रमांकाच्या फळ्यातून, म्हणजे जहाजाच्या पोटातील कोठारातून, धूर येताना दिसला. गच्च बांधलेल्या गासडीत शिरलेली आग बाहेरून दिसत नाही आणि वरून ओतलेले पाणी तिच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही, हे हुबळीच्या कोणत्याही कापूस-व्यापाऱ्याने सांगितले असते. बंबवाल्यांनी नऊशे टनांहून अधिक पाणी जहाजात सोडले. ते पाणी उकळू लागले, पण आग विझली नाही. तीन वाजून पन्नास मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, आणि सुमारे अर्ध्या तासाने त्याहूनही प्रचंड असा दुसरा.

बारा किलोमीटरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. कुलाबा वेधशाळेतील भूकंपमापकांनी दोन्ही धक्क्यांची नोंद केली. ‘जलपद्म’ नावाचे एक अख्खे जहाज उचलले जाऊन धक्क्यावरच्या गुदामावर आदळले. जळता कापूस वस्त्यांवर कोसळला, आणि सुमारे ऐंशी हजार माणसे बेघर झाली. मृतांच्या संख्येबद्दल निरनिराळे आकडे सांगितले जातात; ते आठशेपासून तेराशेपर्यंत जातात. त्यांत मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. देशभर १४ एप्रिलपासून पाळला जाणारा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्याच स्मरणार्थ आहे. मृतांचा हिशेबही जुळला नाही, ही गोष्ट येथे नोंदवून ठेवतो. गोदीतल्या हजेरीपटावर ज्यांचे नाव नव्हते, त्यांची गणना कोणी करायची?

उरलेले किती?

आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. त्यानंतर सुमारे आठ हजार माणसे सात महिने राबली आणि त्यांनी अंदाजे पाच लाख टन मलबा हलवून गोदी पुन्हा चालू केली. हे कार्य अचाट होते, यात शंका नाही. परंतु विहिरीवरच्या मुकादमाचा प्रश्न येथे विचारला पाहिजे. १,३९५ टनांपैकी उडाले किती?

मोठ्या स्फोटात सर्व दारूगोळा एकाच वेळी फुटतो, अशी आपली समजूत असते. तसे घडत नाही. एका गोळ्याच्या स्फोटाने शेजारचे दहा फुटतात, पण अकरावा न फुटताच दूर भिरकावला जातो. तो पाण्यात पडतो, गाळात रुततो, आणि वर्षानुवर्षे तेथेच राहतो. मुंबई बंदराचा तळ मऊ गाळाचा आहे. भरती-ओहोटीने हा गाळ सतत हलत असतो आणि त्यातून पाणी इतके गढूळ होते, की पाणबुड्याला आपलाच हात दिसणे कठीण जाते. अशा पाण्यात शोध घ्यायचा तर तो डोळ्यांनी घेता येत नाही.

गोदीतला गाळ उपसताना सोन्याच्या लगडी १९७० च्या दशकापर्यंत सापडत राहिल्या. या सोन्याच्या कथा मुंबईत चवीने सांगितल्या गेल्या. परंतु त्याच गाळात दुसरेही काही होते. ऑक्टोबर २०११ मध्ये गोदीत सुमारे ४५ किलो वजनाचा, न फुटलेला, जिवंत तोफगोळा सापडला. स्फोटानंतर सदुसष्ट वर्षांनी!

मित्रहो, ‘जिवंत’ या विशेषणाकडे भाषेचा विद्यार्थी म्हणून आपले लक्ष वेधतो. काडतूस जिवंत असते, बॉम्ब जिवंत असतो. ज्या लोखंडाने अद्याप आपले काम केलेले नाही त्याला मराठी माणूस जिवंत म्हणतो, आणि हे शास्त्रदृष्ट्याही अगदी यथार्थ आहे. समुद्राचे पाणी गोळ्याचे कवच हळूहळू खाते, पण आतील टीएनटीसारखे स्फोटक द्रव्य पाण्यात सहजी विरघळत नाही. त्याची शक्ती दशकानुदशके टिकते. कवच झिजले, चाप गंजला, की धोका कमी होत नाही. तो अधिक बेभरवशाचा होतो.

न दिसणारे कसे शोधावे?

आता शोधाच्या साधनांकडे वळू. पहिले साधन ध्वनी. पाण्यात प्रकाश थोड्याच अंतरात मावळतो, आवाज मात्र दूरवर जातो. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांनी उच्छाद मांडला, तेव्हा १९१७ च्या सुमारास फ्रान्समध्ये पॉल लांजव्हाँ यांनी स्फटिकाच्या कंपनांतून पाण्यात ध्वनिलहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी टिपण्याची युक्ती सिद्ध केली. सोनार या यंत्राची ही पूर्वपीठिका. त्याचाच पुढचा अवतार साइड-स्कॅन सोनार. टॉर्पेडोच्या आकाराचे एक नळकांडे नावेमागे ओढत न्यायचे. ते दोन्ही बाजूंना तिरप्या ध्वनिलहरी सोडते आणि तळावरच्या वस्तूंची छायाचित्रासारखी आकृती उमटते. वस्तूच्या मागे पडलेली ‘ध्वनीची सावली’ पाहून तिची उंची काढता येते. परंतु ही लहर तळाच्या पृष्ठभागावरच थांबते. गाळाखाली हातभर रुतलेला गोळा तिला दिसत नाही.

तेथे दुसरे साधन पुढे येते, ते मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकत्वमापक. पृथ्वी हा एक मोठा चुंबक आहे. मुंबईच्या परिसरात तिच्या चुंबकीय क्षेत्राची तीव्रता सुमारे त्रेचाळीस हजार नॅनोटेस्ला भरते. कोठे लोखंड असेल तर या क्षेत्रात किंचित विक्षेप होतो, कधी शंभराचा, कधी जेमतेम पाचाचा. हा सूक्ष्म फरक टिपायचा आणि नकाशावर मांडायचा, एवढेच या यंत्राचे काम. पाणी, गाळ, काळोख यांचा त्याला अडथळा होत नाही. मात्र एक नियम त्याला बांधून ठेवतो. अंतर दुप्पट झाले की लहान लोखंडी वस्तूची खूण आठपट क्षीण होते. दोन मीटरवरून चाळीस नॅनोटेस्लाचा विक्षेप देणारा गोळा चार मीटरवरून पाचाचाच देतो. म्हणून हे यंत्र तळाच्या अगदी जवळून, शेतात पाभर चालवावी तसे, शेजारी-शेजारी समांतर पट्ट्यांत फिरवावे लागते. एक पट्टा सुटला, तर त्यातला गोळाही सुटला.

या विद्येचा आपल्या भूमीशी जुना संबंध आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित मोजणी होत असे. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्या प्रवाहाने सूक्ष्म मोजणी बिघडेल हे तेथील संचालक डॉ. नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी ओळखले. त्यांच्या पुढाकाराने १९०४ साली अलिबागेस नवी वेधशाळा उभी राहिली. सह्याद्रीचा काळा पाषाण स्वतःच चुंबकीय असतो, म्हणून तिच्या बांधकामासाठी पोरबंदरचा दगड आणविला. दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी करून जुन्या आणि नव्या नोंदींचा सांधा जुळविला, आणि मगच कुलाब्याची मोजणी थांबविली. नोंदींची मालिका खंडित होऊ न देण्याची ही काळजी मला फार मोलाची वाटते.

चुंबकत्वाचा युद्धाशी संबंध प्रथम उलट दिशेने आला. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी जर्मनीने असे पाणसुरुंग टाकले, की वरून जाणाऱ्या जहाजाच्या लोखंडाची चाहूल लागताच ते फुटत. २३ नोव्हेंबर १९३९ रोजी थेम्स नदीच्या मुखाशी शूबरिनेस येथे ओहोटीच्या चिखलात असा एक सुरुंग उघडा पडला, आणि जॉन उव्हरी या नौदल अधिकाऱ्याने पितळी हत्यारांनी तो खोलला. लोखंडी हत्यार जवळ नेले असते तर काय झाले असते, हे सांगायला नको. शस्त्राने माणसाला शोधायचे, ही आधीची रीत. माणसाने त्याच चुंबकत्वाने शस्त्राला शोधायचे, ही नंतरची. पुढे याच जातीची उपकरणे पुराविदांच्या हाती आली. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आपल्या कर्नाटकाचे सुपुत्र डॉ. एस. आर. राव यांनी १९८१ पासून सागरी पुरातत्त्वाचे काम उभे केले आणि द्वारकेच्या समुद्रात शोध घेतला. प्राचीन नांगर शोधणारी आणि तोफगोळा शोधणारी विद्या मुळात एकच आहे.

यंत्राला काय कळत नाही?

परंतु यंत्राला लोखंड कळते, लोखंडाचा अर्थ कळत नाही. नांगर, साखळी, भंगार आणि तोफगोळा या सर्वांची खूण त्याच्या लेखी एकाच कुळातली. मुंबई गोदीत तर अनेक जहाजे फुटून बुडाली, त्यांच्या पत्र्यांचे लाखो तुकडे सर्वत्र विखुरले. त्यात खालचा काळा पाषाण स्वतः चुंबकीय. अशा ठिकाणी यंत्र काही दाखवीत नाही असे नव्हे. ते फार काही दाखविते, आणि अडचण तीच आहे. शिवाय ज्या सोन्यासाठी माणसे वेडी झाली, ते या यंत्राला मुळीच दिसत नाही, कारण सोने चुंबकाला दाद देत नाही. सोने, पितळ, ॲल्युमिनियम यांचा माग काढायला विद्युतचुंबकीय प्रवर्तनाची वेगळी उपकरणे लागतात आणि त्यांचा पल्ला थोडका असतो. कोणते यंत्र न्यायचे हे ठरविण्यासाठी तेथे काय बुडाले आहे हे आधी ठाऊक असावे लागते.

म्हणूनच जगात आज जेथे जेथे असे शोधकार्य शिस्तीने चालते, तेथे पहिली पायरी समुद्रावर नसते. ती दप्तरखान्यात असते. जहाजाची मालयादी, बंदराच्या नोंदवह्या, चौकशी आयोगाचे कागद, जुने नकाशे, प्रत्यक्षदर्शींच्या जबान्या हे सारे वाचून मगच कोणत्या पट्ट्यात, किती खोलवर आणि कशाचा शोध घ्यायचा हे ठरते. त्यानंतर सोनार आणि मॅग्नेटोमीटर, त्यानंतर संशयित जागांची यादी, आणि सर्वांत शेवटी पाणबुड्या किंवा दूरनियंत्रित यंत्र. या क्रमात इतिहासकाराचे स्थान पहिले आहे. या विषयावर बोलण्याचा अधिकार मी घेतला, तो या आधारावर.

मुंबईत नेमका हाच आधार युद्धाने दुबळा केला. स्फोटाची सविस्तर बातमी जपानच्या ताब्यातील सायगाव रेडिओने १५ एप्रिललाच दिली. परंतु येथील वार्ताहरांना बातमी बाहेर पाठविण्याची मुभा मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. शत्रूला जे दुसऱ्या दिवशी कळले, ते जगाला सांगायला महिना लागला. युद्धकाळात गुप्तता आवश्यक असते, हे मान्य. परंतु गुप्ततेची सवय युद्धाबरोबर संपत नाही, आणि जे वेळीच मोकळेपणाने नोंदले जात नाही ते पुढच्या पिढीला गाळातून उपसावे लागते.

याच्या शेजारी एक दुसरे उदाहरण ठेवतो. त्याच वर्षी, २० ऑगस्ट १९४४ रोजी, थेम्सच्या मुखाशी शीअरनेस गावासमोर ‘रिचर्ड मॉन्टगोमेरी’ हे अमेरिकन जहाज वाळूत रुतले आणि पुढे दुभंगले. त्याच्या पोटात आजही सुमारे १,४०० टन स्फोटके आहेत असे मानले जाते. ‘फोर्ट स्टिकीन’वरचा साठाही जवळजवळ तेवढाच होता. एक जहाज दोन स्फोटांत नाहीसे झाले, दुसरे अजून फुटलेलेच नाही. तेथे प्रवेशबंदीचे क्षेत्र आखलेले आहे, ठराविक काळाने सोनारने पाहणी होते आणि पाहणीचे अहवाल प्रसिद्ध केले जातात. धोका दूर झालेला नाही. पण तो कोठे आहे हे सर्वांना ठाऊक आहे. जर्मनीच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रांत महायुद्धांचा अंदाजे सोळा लाख टन दारूगोळा पडून आहे. तो काढण्याचे तंत्र विकसित करण्यासाठी तेथील सरकारने अलीकडे दहा कोटी युरोंची तरतूद केली. ऐंशी वर्षांनी का होईना, हिशेबाची वही पुन्हा उघडली गेली.

मुंबईच्या प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या गोद्या एकविसाव्या शतकात भराव घालून बुजविण्यात आल्या. जेथे ‘फोर्ट स्टिकीन’ उभे होते तेथे आता पाणी नाही. जमीन झाली की स्मृती आणखी एक थर खाली जाते. उद्या कोणी तेथे पाया खणील, कोणी बंदराचा गाळ उपशील. ड्रेजरवर उभ्या असलेल्या मजुराच्या समोर लोखंडाचा एक गंजका गोळा येईल. तो काय आहे हे त्याला क्षणात ओळखता आले पाहिजे, आणि त्याच्या वरिष्ठांना ते आधीच ठाऊक असले पाहिजे. त्या मजुराचा जीव मॅग्नेटोमीटरइतकाच कागदावरही अवलंबून आहे.

समारोपाला पुन्हा एक शब्द. असा गोळा सापडला की तज्ज्ञ मंडळी तो ‘निकामी’ करतात. मराठीत माणसाला निकामी म्हणणे ही निर्भर्त्सना आहे; पण या एका ठिकाणी निकामी होणे हीच सद्गती आहे. ज्या वस्तूचे काम माणसे मारणे हे होते, तिचे काम कायमचे राहून जावे, याहून चांगले काय असू शकते?

येथे बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी अभियंता होईल, कोणी नौदलात जाईल, कोणी कारकून होऊन नोंदवही लिहील. त्या नोंदवही लिहिणाऱ्यास मला आज विशेषकरून सांगायचे आहे. आपण काय ठेवले, कोठे ठेवले, काय उरले, हे स्वच्छ अक्षरात लिहून ठेवा. बार मोजणारा तो मुकादम शाळेत गेला असेल-नसेल, पण त्याने मोजल्याशिवाय कोणाला विहिरीत उतरू दिले नाही.